मुठीत राहिलेलं नाव

गोजर गेली तेव्हा तिच्या दहाव्याला प्रवचनासाठी मलाच बोलावलं. आमच्या भागात कोणाचं काही बरंवाईट झालं की मी, गणू महाराज, हजर असायचोच. सापगावच्या खालच्या अंगाला, भातसा नदीच्या काठी ताडपत्री टाकली होती. मी तासभर बोललो. देहाचं अनित्यत्व, आत्म्याचं नित्यत्व, सगळं यथासांग. लोकांनी माना डोलावल्या. दोन म्हाताऱ्यांनी पाया पडून घेतलं. त्या तासाभरात गोजरविषयी मी एक वाक्यही खरं बोललो नाही. 'सात्त्विक, भाविक माउली' म्हणालो. गोजर कसली सात्त्विक! दातांना मिश्री घासणारी, तोंडाची फटकळ, शेजारणीच्या कोंबड्यांना नेम धरून दगड मारणारी बाई होती ती. आणि मला तिची भीती वाटायची. हे दहाव्याला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

गोजर धवलारीण होती. शहापूर-मुरबाडकडे कुणब्यांच्या, आगऱ्यांच्या लग्नाला पूर्वी भटजी लागायचा नाही. लग्न लावायची ती धवलारीण. लुगड्याचा पदर खोचून, जमिनीवर तांदळाने आखलेल्या चौकापुढे बसून ती धवला, म्हणजे लग्न लावायचं गाणं, गाते. आदल्या दिवशी, हळदीच्या आधी, सगळ्यांत मोठं काम असतं ते बोलावण्याचं. आधी देव बोलवायचे: गावदेवी, वाघोबा, हिरवा. मग त्या घरचे मेलेले, एकेक, नाव घेऊन. नाव घेतलं की मुठीतले चिमूटभर तांदूळ मांडवाच्या दाराकडे टाकायचे. तांदूळ पडले की तो आत आला. ज्या घरचा मांडव त्याच घरचे मेलेले येतात, दुसऱ्याच्या दारात ते जात नाहीत. आपली माणसं लग्नाला हवीत, जिवंत असोत की नसोत, एवढा साधा हिशेब.

बाकीच्या धवलारणी घरात आधी विचारून घेत. आजा कोण, पणजा कोण, कोणाची सवत गेली का, मूल गेलं का. गोजर कधीच विचारायची नाही. ती गाऊ लागायची आणि नावं यायची. कधी कधी अशी नावं, की घरातल्या थोरल्या म्हातारीलाच ठाऊक असायची. तिसऱ्या दिवशी गेलेली मुलगी, जिचं बारसंही झालं नव्हतं, फक्त आईने मनातल्या मनात नाव ठेवलेलं. ते नाव गोजरच्या तोंडून आलं तेव्हा ती आई मांडवातच खाली बसली, हे मी पाहिलेलं आहे.

ती मूळची भातसा धरणात गेलेल्या एका पाड्यावरची. लग्न होऊन सापगावला आली, तेविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही. दुसऱ्यांच्या शेतात आवणीला, भाताची रोपं लावायला, जायची. एका आवणीत चिखलात उभी असतानाच तिला गाणं आलं. पूर्ण धवला, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत, जो तिला कोणी शिकवला नव्हता. रोपांची जुडी हातात तशीच, बायका घाबरून बांधावर. गाऊन झाल्यावर म्हणे तिने विचारलं, “काय गो, काम का थांबवलाव?” आणि पुन्हा वाकली. हे तिनेच मला सांगितलं, चुलीत फुंकर घालता घालता, काल भात करपला हे सांगावं तसं.

आता माझ्याविषयी थोडं. मी वयाच्या चौदाव्या वर्षी कीर्तन शिकायला संस्थेत गेलो. चार वर्षं तिथे काढली. मग संस्कृत घेऊन बी.ए., मग तत्त्वज्ञानात एम.ए. शेवटच्या वर्षाचा माझा प्रबंध ईश्वराच्या अस्तित्वाच्या प्रमाणांवर होता. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, कोणतं प्रमाण कुठे तोकडं पडतं, एकशे चाळीस पानं. मार्गदर्शकांनी 'उत्कृष्ट' शेरा दिला. थोडक्यात, देवाविषयी मला सगळं ठाऊक आहे, फक्त देवाची आणि माझी ओळख नाही. हे मी कुणाला सांगत नसे. उदबत्तीच्या कारखान्यात नोकरी करून नाकाला वास न येणारा माणूस असतो, तसं माझं चाललेलं होतं, आणि बरं चाललेलं होतं.

धवल्यावर लेख लिहायचा म्हणून मी एकदा वही घेऊन गोजरकडे गेलो होतो. तिची झोपडी टेकाडावर, मागे पळसाची झाडं. मी विचारलं, “मावशी, हे पाठ कसं केलंस?”

“पाठ केलेलं इसरतं रे,” ती म्हणाली. “आलेलं इसरत नाय.”

“आणि ही नावं? ती तू आठवतेस कशी?”

“मी कुठं आठवतय? दारात जो उभा र्‍हातो त्याचं नाव सांगतय.”

“दिसतात तुला?”

“दिसत नाय. कळतं. तुज्या पाठीशी कोन येऊन उभा र्‍हायला तर तुला कळतं का नाय?”

मी नकळत मागे पाहिलं. ती हसली, काळ्या हिरड्या दाखवत. मग एकदम तिचं हसणं गेलं. म्हणाली, “पयले देव येतात ना, तवा मला भ्या वाटतं. आंगावर काटा येतो, पोटात कालवतं. पळून जावं वाटतं. इतकी वर्सं झाली, तरी दर येळी. तुला वाटतं का रे भ्या? तू तर रोज त्याला हाका मारतोस.”

“नाही,” मी म्हणालो.

“मग तू हाका मारतोस कोनाला?”

मी वही मिटली आणि उन्हाचं निमित्त करून निघालो. लेख झाला नाही.

पण सांगायची गोष्ट अशी, की एवढं असून ती मला मान द्यायची. खरा मान. मी गेलो की गोणपाट झटकून पसरायची, स्वतः जमिनीवर बसायची. “तू शिकलेला बाबा. तुला पोथीतलं कळतं. आमी आडानी, आमच्यात जे शिरतं ते बोलतो.” हे ती टोमण्याने म्हणत नव्हती. तिला खरंच वाटायचं की जे तिला अर्धमुर्धं कळतं, ते सगळं कुठेतरी नीट लिहून ठेवलेलं आहे आणि मी ते वाचून आलोय.

तिला लोक घाबरू लागले ते महादूच्या प्रसंगापासून. खर्डीच्या बाजूला एका लग्नात तिने मेलेल्यांची नावं घेताना 'महादू' म्हटलं आणि तांदूळ टाकले. महादू नवरीचा चुलता, पस्तिशीचा, धडधाकट. तासाभरापूर्वीच मोटारसायकलवरून बर्फ आणायला शहापूरला गेला होता. बायका ओरडल्या, एकीने गोजरच्या तोंडावर हात ठेवला. गोजर म्हणाली, “दारात हाय म्हनून घेतलं. मी काय करू?” मग फोन आला. बर्फ रस्त्यावर पसरला होता, म्हणाले, आणि तो बाजूला पडला होता.

मी तेव्हा लोकांना अनुमान समजावून सांगितलं. रस्ता खराब, गाडी जुनी, माणूस प्यायलेला; म्हातारीने जाताना पाहिलं असणार, मनात शंका आली असणार. लोकांनी ऐकलं, आणि तिला बोलावणं कमी केलं. कोणी चेटकीण म्हणालं. त्यात हॉल आले, डीजे आला, भटजीही येऊ लागले. शेवटी शेवटी वर्षाला दोन-तीन मांडव तिच्या वाट्याला येत.

आणि आता विठूदादा. माझा थोरला भाऊ. दोन हजार नऊच्या जुलैत तो ट्रकवर गुजरातला गेला आणि आला नाही. चार दिवस फोन लागला, मग बंद. मालक म्हणाला, ट्रक सोडून उतरला, कुठे गेला माहीत नाही. आम्ही पोलिसात दिलं, पेपरात फोटो दिला, दोनदा सुरतेला जाऊन आलो. काही नाही. मागे राहिली तानीवहिनी, आणि सात वर्षांची समीक्षा.

सात वर्षं झाली तेव्हा मीच वहिनीला म्हणालो, कायद्याने आता माणूस गेला असं धरतात. ती भात निवडत होती. वर न बघता म्हणाली, “कायद्यानं धरू दे.” तिने कुंकू सोडलं नाही, मंगळसूत्र सोडलं नाही. भगत झाले, ज्योतिषी झाले. एक म्हणे दक्षिणेला आहे, एक म्हणे पाण्याजवळ आहे. आई त्याची वाट बघत गेली. पंधरा वर्षं आमच्या घरात मांडव पडला नाही, कारण लग्नाचं कोणी नव्हतंच. शेवटचं लग्न माझं, त्यात दादा बेंजोपुढे नाचलेला.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात समीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडचा, प्रज्वल, कंपनीत सुपरवायझर, चांगला. मुरबाडकरांची कसलीच अट नव्हती. मी म्हटलं, शहापुरातून गुरुजी आणू, नीट वैदिक पद्धतीने लावू. तेव्हा वहिनी म्हणाली, “गोजरमावशीला सांगून आलेय मी.”

घरात सगळ्यांनाच कळलं ती काय म्हणत होती ते. आमच्या मांडवात गोजर बसणार, आमच्या घरचे मेलेले बोलावणार. आजा, बाबा, आई. आणि त्यानंतर एक तर विठूदादाचं नाव येईल, नाहीतर येणार नाही.

मी वहिनीला अंगणात गाठलं. “असं नको करूस. पोरीच्या लग्नात नको.”

“मग कवा भावजी? पुन्यांदा मांडव कवा पडनार हाय आपल्या दारात?” तिचा आवाज चढला नव्हता. “रोज सकाळी कुंकवाला बोट लावतेय न्‌ बोट थांबतं. लावू तर कोनाचं? नको लावू, न्‌ ते जिते असले, तर? पंधरा वर्सं रोज. मला एकदा कळू दे. काय बी असू दे, पन कळू दे.”

मला ते कळलं होतं. पण मला दुसरंही दिसत होतं. नाव आलं की त्या क्षणी, चारशे माणसांसमोर, वहिनी विधवा होणार. हातातलं हळदीचं ताट काढून घेतलं जाणार. स्वतःच्या एकुलत्या पोरीला हळद लावता येणार नाही, ओटी भरता येणार नाही, मागे कुठेतरी भांड्यांच्या ढिगाजवळ बसावं लागणार. या चालीवर मी कीर्तनात कोरडे ओढतो. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन तीच चाल चालवतात. पालथ्या घड्यावर पाणी. माझी वहिनी त्या दिवशी तरी त्यातून सुटावी, एवढंच मला हवं होतं. हे मी माझ्या बचावासाठी सांगतोय, हेही कबूल करतो.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी टेकाडावर गेलो. गोजरने गोणपाट पसरला. मी सरळच म्हटलं, “मावशी, दादाचं नाव आलं तर घेऊ नकोस.”

“आलं तर कसं नाय घेऊ? आन्‌ येईल का नाय ते मला आदी ठावं नसतं.”

“आलं तर मनात ठेव. लग्न झाल्यावर मला एकट्याला सांग.”

“तसं नाय करता येत रे,” ती म्हणाली. “दारात आलेल्याला...”

तेव्हा मी ते केलं. म्हणालो, “मावशी, शास्त्रात सांगितलंय. ज्याला अग्नी दिला गेला नाही, ज्याची क्रिया झाली नाही, त्याचं नाव मंगलकार्यात उच्चारू नये. दोष लागतो. नवरीला लागतो.” आणि तिचा चेहरा अजून डळमळीत दिसला म्हणून मी दोन ओळींचा श्लोक म्हटला. खणखणीत, अनुष्टुभात, विसर्गासकट. तो कुठल्याच ग्रंथात नाही. तिच्यासमोर बसल्या बसल्या मी तो रचला होता. चौदाव्या वर्षापासूनचं शिक्षण अखेर कामाला आलं.

संस्कृत कानावर पडताच गोजरने हात जोडले. डोळे मिटले. मग हळू म्हणाली, “असं लिवलंय?”

“लिहिलंय.”

“मग मला काय कळतंय बाबा. लिवलंय तर तसं.” आणि वाटेपर्यंत मला सोडायला आली.

हळदीच्या दिवशी दुपारी साडेबाराला गोजर चौकापुढे बसली. ऊन असं की मांडवाबाहेर डोळे उघडवत नव्हते. मी डीजेवाल्याला बंद करायला लावलं होतं. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, वहिनी हळदीचं ताट घेऊन खांबाला टेकून उभी. तिने नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ताटाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि कोणी बघत नव्हतं.

गोजरने देव बोलावले. आवाज तिचा नेहमीचाच, बारीक, नाकातला. पण देवांच्या वेळी तिचा खालचा जबडा थरथरताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. मग घरचे आले. आजा. आजी. एक तान्हा मुलगा, जो कोणालाच आठवेना. “धाऊ,” ती म्हणाली, तांदूळ पडले, बाबा आत आले. “कमळाबाई,” म्हणाली, आई आली.

गोजरने पुन्हा मूठ उचलली. दाराकडे पाहिलं. तोंड उघडलं.

आणि मिटलं.

मांडवात पोरंसुद्धा बोलत नव्हती. गोजरचा हात हवेत तसाच. तिची नजर दारावरून माझ्यावर आली, क्षणभर थांबली, आणि खाली गेली. मूठ तिने मांडीखाली घेतली. मग घाईघाईने शेवटची ओळ गाऊन तिने चौक मोडला. बोलावणं संपलं.

पहिला आवाज वहिनीचा आला. ती हसली होती. पंधरा वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. “नाय घेतलं!” ती म्हणाली. “ऐकलाव ना? नाय घेतलं नाव. जिते हायत. भावजी, जिते हायत ते!” बायका रडायला लागल्या, समीक्षा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, हळद दोघींच्या अंगावर सांडली. वहिनीने सांडलेल्या हळदीत बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला लावलं, मग कुंकू मागून घेतलं आणि ठसठशीत लावलं, बोट न थांबता. मला म्हणाली, “उद्या कन्यादानाला तुमी नका बसू. त्यांचा पाट मोकळा ठेवा. कोनाच्या तरी कानावर गेलं आसंल, पोरीचं लगीन हाय म्हनून. येतील.”

मी मान हलवली. मी जिंकलो होतो.

मी बाजूला जाऊन उभा राहिलो, आणि तेव्हा मला ते दिसू लागलं. मांडवाचं दार चांगलं आठ फूट रुंद होतं. माणसं येत-जात होती. भाताचं पातेलं घेऊन दोघे आले, आणि दाराशी येताच डावीकडे सरकून, खांबाला घासून आत आले. उजवीकडे काही नव्हतं. मोकळी जागा. मागून पोरं पळत आली, तीही तिथे वळसा घालून गेली. पाण्याचं पिंप घरंगळवत आणणारा माणूस तिथे थांबला, जणू कोणी बाजूला व्हायची वाट पाहत, आणि मग कडेने गेला. कोणी खाली बघत नव्हतं, कोणी अडखळत नव्हतं. सगळे आपापल्या बोलण्यात. फक्त त्या एका हातभर जागेतून कोणी जात नव्हतं.

मग माझी बायको प्रियांका बाहेरून आली. तिच्या एका हातात पानांचं ताट, दुसऱ्या हाताने कानाला मोबाइल. दाराशी येताच तिने मोबाइल मानेत धरला आणि मोकळ्या झालेल्या हाताने डोक्यावर पदर ओढून घेतला. चार पावलं आत आल्यावर तो खाली पडू दिला.

प्रियांका कोणासमोर डोक्यावर पदर घेत नाही. लग्न झाल्यावर वर्षभर घ्यायची, एकाच माणसासमोर. मोठ्या दिरासमोर.

मी तिला विचारलं, “पदर का घेतलास?”

“कुठे घेतला?” ती म्हणाली. मग, “ऊन लागलं असेल.” आम्ही दोघं झावळ्यांच्या दाट सावलीत उभे होतो.

गोजर मांडवामागे फणसाखाली बसली होती. कोणी तिला जेवायचं पान नेऊन दिलं होतं, त्याला तिने हात लावला नव्हता. उजवी मूठ मांडीवर, अजून मिटलेली. बोटं पांढरी पडली होती.

मला बघून ती उठायला लागली, मी बसवलं. ती म्हणाली, “गणू, एक इचारू? मघापासून इचारीन म्हनतेय. तुमच्या पोथीत पुढं काय लिवलंय?”

“कशाच्या पुढे?”

“तू म्हनलास, त्याचं नाव घेऊ नये. मी नाय घेतलं. पन तो तर गेला नाय. आयशीच्या मागोमाग आलाय, दारात उभा हाय. आत यायला बोलावणं नाय, न्‌ पोरीचं लगीन, जात बी नाय. मंग त्याचं काय करायचं? त्याचं बी कायतरी लिवलं आसंल ना?”

ती खरोखर विचारत होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्या डोळ्याने ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शाळेतलं पोर मास्तरांकडे बघतं तसं. एकशे चाळीस पानं माझ्या डोक्यात होती. त्यातलं एकही पान उघडेना.

“मावशी,” मी म्हणालो, “असं काही लिहिलेलं नाही.”

“पुढचं नाय लिवलं?”

“आधीचंही नाही. तो श्लोक मी केला. तुझ्यासमोर बसून.”

तिला समजायला वेळ लागला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली. मला ते स्पष्ट दिसलं. तोंड लहान झालं तिचं. “म्हंजे,” ती म्हणाली, “म्हंजे मी देवाचं आयकायचं सोडून तुजं आयकलं?”

मी खाली बसलो, तिच्याएवढं जमिनीवर. “आता घे नाव. चल, आत्ता घे.”

“चौक मोडला रे. माझ्या तोंडाला आता ते येत नाय.” तिने मूठ पुढे केली. “ही बी उघडत नाय मगापासून. तू घे. तू त्याच्या रगताचा हायस.”

मी तिची बोटं एकेक करून उघडली. गार पडली होती ती, वैशाखाच्या भर दुपारी. आतले तांदूळ मात्र गरम होते. ते मी माझ्या हातात घेतले आणि मांडवात आलो.

वहिनी दारापासून दहा हातांवर होती, समीक्षाच्या गालांना हळद लावत होती. मी अजूनही परत फिरू शकलो असतो. पाट मोकळा ठेवून उद्याचा दिवस निभावला असता, मग परवाचा, मग वहिनी मरेपर्यंतचा. मी तिला हळद लावून पूर्ण करू दिली. एवढं केलं. मग दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

मला काही दिसलं नाही. शपथेवर सांगतो, दार होतं, पुढे ऊन होतं, पलीकडे रिक्षा उभी होती. पण माझ्या पोटात कालवलं, आणि हातावरचे केस उभे राहिले. मी आयुष्यात हजार वेळा व्यासपीठावरून देवाला हाक मारली आहे, टाळ-मृदंगाच्या गजरात, डोळे मिटून. समोर कोणी आहे असं त्यातल्या एकाही वेळी वाटलं नव्हतं. आता वाटलं. मला पळून जावंसं वाटलं.

“विठूदादा,” मी म्हणालो, “ये. आत ये.” आणि तांदूळ टाकले.

वहिनी वळली. हळदीचे हात तसेच हवेत धरून ती माझ्याजवळ आली. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पडलेल्या तांदळांकडे पाहिलं. चुलत्याची सून ताट काढून घ्यायला पुढे आली, तिला वहिनीने नुसत्या नजरेने थांबवलं.

“मावशीनं नाय घेतलं ते,” ती म्हणाली.

“मी घेऊ दिलं नाही.”

तिने ते ऐकून घेतलं. तिचा चेहरा हलला नाही. तिने डोळे भरून दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“कवाधरनं हायत ते दारात?”

“आईच्या मागोमाग आला म्हणे. तासभर झाला.”

“तासभर,” वहिनी म्हणाली. “पंधरा वर्सांनी मानूस आपल्या दारात आला, भावजी, आन्‌ तुमी त्याला तासभर उन्हात उभं केलंत?”

आणि ती पाय धुवायला पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.